विश्लेषण : माळावर ग्राउझ, तळ्यात बदके... दोन्हींसाठी एकच शिकारी श्वान कसा निवडतात?

अमेरिकेत शरद ऋतू लागला की पक्ष्यांच्या परवानाबद्ध शिकारीचा हंगाम सुरू होतो. शनिवारी गवताळ रानात फेझंट किंवा ग्राउझ आणि रविवारी पहाटे दलदलीत बदके, असा बेत आखणाऱ्या सामान्य शिकाऱ्याला दोन-तीन कुत्री पाळणे परवडत नाही. त्याला दोन्ही कामे करणारा एकच श्वान हवा असतो. अशा ‘बहुगुणी’ पॉइंटिंग श्वानांची शिस्तशीर पैदास सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जर्मनी आणि आसपासच्या देशांत सुरू झाली आणि आज त्यांच्या डझनभराहून अधिक जाती आहेत. निवड चुकली, तर जखमी पक्षी हाती न लागता झुडपात तडफडत मरतात आणि १२ ते १४ वर्षे जगणारा एक प्राणी त्याला न मानवणाऱ्या घरात अडकून पडतो. ही निवड नेमकी कशाच्या आधारावर करतात, याविषयी...

‘पॉइंटिंग’ म्हणजे नेमके काय?

रानात धावणारा कुत्रा पक्ष्याचा वास नाकात शिरताच जागच्या जागी थिजतो. मान पुढे, शेपटी ताठ आणि अनेकदा पुढचा एक पाय उचललेला. नाकाचे टोक लपलेल्या पक्ष्याच्या दिशेला असते. यालाच ‘पॉइंट’ म्हणतात. झडप घालण्याआधी क्षणभर थबकणे ही शिकारी प्राण्यांची मूळ सवय आहे. निवडक पैदाशीतून माणसाने ते थबकणे लांबवले आणि झडप मागे ढकलली.

लावा, तित्तिर, ग्राउझ यांसारखे जमिनीवर राहणारे पक्षी धोका जाणवला की बरेचदा उडण्याऐवजी गवतात दबून बसतात. त्यांच्या पिसांचा रंग सुक्या पाचोळ्यात असा मिसळून जातो, की माणूस दोन पावलांवरून पुढे निघून जातो. कुत्र्याला मात्र वाऱ्यावर आलेला वास पुरतो. तो थांबतो, शिकारी चालत पुढे जातो, स्वतः पक्षी उडवतो आणि मग नेम धरतो. पक्षी उडाला, बंदुकीचा बार झाला तरी हुकूम मिळेपर्यंत कुत्र्याने हलायचे नाही, ही पुढची पायरी. यामागे सुरक्षिततेचा विचार आहे. खाली उडणाऱ्या पक्ष्यामागे उसळी मारणारा कुत्रा छऱ्यांच्या वाटेत येऊ शकतो.

दोन कुत्री सोबत असतील तर एकाने पॉइंट धरलेला दिसताच दुसऱ्याने मागेच थांबणे अपेक्षित असते. त्याला स्वतःला वास आलेला नसला तरी सोबत्यावर विश्वास ठेवून तो थांबतो. हा गुण काही पिल्लांत उपजत दिसतो, बाकीच्यांना तो शिकवावा लागतो.

एकाच कुत्र्याकडून सगळी कामे, ही कल्पना कुठून आली?

ब्रिटनमध्ये कामांची वाटणी झालेली होती. पॉइंटर आणि सेटर पक्षी शोधून दाखवत, स्पॅनियल झुडपात घुसून उडवत आणि रिट्रीव्हर पडलेला पक्षी उचलून आणत. मोठ्या जहागिरी, पगारी नोकर आणि कुत्र्यांसाठी स्वतंत्र आवार असलेल्या जमीनदारांना ते परवडत होते.

जर्मन राज्यांत चित्र बदलले ते १८४८च्या क्रांतीनंतर. दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा उमरावांचा विशेषाधिकार संपला आणि शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी जोडला गेला. शेतकरी, वनरक्षक, शहरातला मध्यमवर्ग या छंदाकडे वळला. या मंडळींकडे जागा बेताची आणि पैसाही बेताचा. त्यांना असा कुत्रा हवा होता जो शेतात तित्तिर दाखवेल, तळ्यातून बदक आणेल, जखमी हरणाच्या रक्ताचा माग काढेल आणि संध्याकाळी घराची राखणही करेल.

त्यातून नव्या जाती घडवण्याचे प्रयोग सुरू झाले. एडुआर्ड कोर्थाल्स या डच तरुणाने १८७०च्या दशकात राठ केसांच्या ‘ग्रिफॉन’ची पैदास हाती घेतली. १८८१मध्ये पूडल आणि इंग्लिश पॉइंटर यांच्या संकरातून ‘पूडलपॉइंटर’ जन्माला आला. आज दिवाणखान्यात मिरवणारा पूडल मुळात पाण्यातून बदके आणणारा कुत्रा होता, हे इथे लक्षात घ्यावे लागते. पूडलची पाण्याची ओढ व समज आणि पॉइंटरचे नाक व वेग एकत्र आणण्याचा तो हिशेब होता. १९०२मध्ये राठ केसांच्या ‘ड्राटहार’ जातीची संघटना स्थापन झाली. कामातून जात घडू द्यावी, दिसण्याचा विचार नंतर, असे तिचे सूत्र होते.

रान आणि पाणी यांच्या मागण्या वेगळ्या कशा?

रानातला कुत्रा धावतो. वाऱ्याचा रोख ओळखत, नागमोडी वळणे घेत तो एका सकाळीत शिकाऱ्याच्या कितीतरी पट अंतर कापतो. अमेरिकेतही ‘रान’ एकसारखे नाही. मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटाच्या दाट जंगलात ग्राउझ आणि वुडकॉक मिळतात. तिथे कुत्रा घंटेच्या आवाजाच्या टप्प्यात राहिला पाहिजे. साउथ डाकोटात मक्याच्या शेतांलगतच्या उंच गवतात फेझंट असतो. हा मूळचा चीनमधला, १८८०च्या दशकात ओरेगॉनमध्ये स्थिरावलेला पक्षी दबून बसण्यापेक्षा पायी पळ काढण्यात पटाईत आहे. जॉर्जिया आणि टेक्सासमध्ये लाव्यांचे थवे लांबलचक माळांवर विखुरलेले असतात, तिथे दूरवर फिरणारा कुत्रा लागतो.

नेवाडा आणि आयडाहोच्या खडकाळ, कोरड्या डोंगरउतारांवर शिकार होते ती ‘चुकर’ची. हा म्हणजे आपला चकोर. मराठी काव्यात चांदणे पिऊन जगणारा हा पक्षी १८९३मध्ये तेव्हाच्या ब्रिटिश भारतातील कराचीहून अमेरिकेत नेण्यात आला होता. पुढेही आशियातून अनेकदा पक्षी आणले गेले आणि पश्चिमेकडील डोंगरांत ते रुळले. तिथे कुत्र्याच्या नाकाइतकेच महत्त्व त्याच्या तळपायांच्या कातडीला असते.

पाण्यातले काम याच्या नेमके उलट. बदकांच्या शिकारीत कुत्र्याला आडोशात तासन्‌तास गप्प बसायचे असते. समोर पाण्यावर लाकडी किंवा प्लॅस्टिकची बनावट बदके तरंगत असतात, डोक्यावरून थवे घिरट्या घालतात, बार होतात. तरीही हलायचे नाही, कण्हायचे नाही. हुकूम मिळाला की गोठणबिंदूच्या जवळच्या पाण्यात उडी घ्यायची, पडलेले बदक तोंडात धरून आणायचे आणि ओल्या अंगाने पुन्हा बसायचे. धावण्यासाठी घडवलेल्या कुत्र्याला ही बैठक सर्वांत अवघड जाते. अनेक पॉइंटिंग श्वान पोहायला आनंदाने तयार असतात. त्यांची अडचण थांबण्याची आणि थंडीची असते.

पडलेला पक्षी आणण्यावर एवढा भर का?

छऱ्याने पंख मोडलेले बदक मरत नाही. ते बुडी मारते, लव्हाळ्यात शिरते आणि फक्त चोच पाण्याबाहेर ठेवून राहते. जखमी फेझंट गवतातून शंभर-दोनशे मीटर पळून जातो. माणसाला तो सापडणे जवळपास अशक्य असते. कुत्रा नसेल, किंवा असूनही त्याला माग काढता येत नसेल, तर पक्षी तसाच हालहाल होऊन मरतो.

अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार मारलेला किंवा जखमी केलेला स्थलांतरित पक्षी शोधून ताब्यात घेण्याचा वाजवी प्रयत्न करणे शिकाऱ्याला बंधनकारक आहे. जर्मनीतील अनेक राज्यांचे कायदे त्याही पुढे जातात. पाणपक्ष्यांच्या शिकारीला जाताना प्रशिक्षित श्वान सोबत असलाच पाहिजे, अशी अट ते घालतात. जर्मनीत शिकारीचा परवाना मिळवण्यासाठी लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. बारावीच्या तोडीच्या ‘आबिटूर’ परीक्षेवरून लोक गमतीने तिला ‘हिरवी आबिटूर’ म्हणतात. श्वानांविषयीचे ज्ञान हा या परीक्षेचा भाग आहे.

त्यामुळे ऐटबाज पॉइंट छायाचित्रात कितीही देखणा दिसला तरी बहुगुणी श्वानाचे खरे मोल बार झाल्यानंतर कळते. निवडीचा पहिला निकष इथेच ठरतो : ज्या कुत्र्याला पाण्याची, माग काढण्याची आणि तोंडात धरून आणण्याची उपजत ओढ नाही, तो कितीही वेगाने धावला तरी या कामाला अपुरा पडतो.

प्रमुख जाती कोणत्या आणि त्या कुठे उजव्या ठरतात?

जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर हा यांतला सर्वांत परिचित. नराचे वजन साधारण २५ ते ३२ किलो. वेग, नाक, शिकण्याची तयारी यांचा चांगला मेळ आणि आखूड केसांमुळे देखभाल कमी. अमेरिकन केनेल क्लबच्या लोकप्रियतेच्या यादीत तो अलीकडच्या काही वर्षांत पहिल्या दहांत दिसतो. मध्यम थंडीपर्यंत पाण्यातही तो उत्तम काम करतो.

त्याचा राठ केसांचा भाऊबंद म्हणजे जर्मन वायरहेअर्ड पॉइंटर. जर्मन संघटनेच्या नियमांनुसार पैदास झालेल्या शाखेला ‘डॉइच ड्राटहार’ म्हणतात. थंड पाणी आणि काटेरी झुडपे या दोन्हींत तो अधिक टिकतो. मात्र काही वंशांत कोल्हा, रॅकूनसारख्या केसाळ प्राण्यांविषयी तीव्र आक्रमकता जाणीवपूर्वक जपलेली असते. घरात मांजर असेल तर हा मुद्दा आधीच विचारून घ्यावा लागतो.

ग्रिफॉन आणि पूडलपॉइंटर हेही राठ केसांचे. ग्रिफॉन शिकाऱ्याच्या जवळपास राहून, शांत गतीने काम करतो. दाट जंगलात पायी फिरणाऱ्याला तो मानवतो. पूडलपॉइंटर अधिक वेगवान, पाण्याची ओढ असलेला, पण संख्येने कमी. त्याच्या पिल्लासाठी दीर्घ प्रतीक्षायादी असू शकते.

हंगेरीचा विझला सोनेरी-तांबूस रंगाचा, मालकाला चिकटून राहणारा आणि स्वभावाने हळवा. आरडाओरड करून शिकवणाऱ्याच्या हाती तो कोमेजतो. त्याच्या अंगावर आतला मऊ लोकरी थर नसतो, म्हणून हिवाळी पाण्यात तो लवकर गारठतो. याच अडचणीवर उत्तर म्हणून १९३०च्या दशकात ड्राटहारशी संकर करून राठ केसांचा विझला तयार झाला. फ्रान्सचा ब्रिटनी अवघा १४ ते १८ किलोंचा. ग्राउझ-लाव्यांसाठी चपळ, गाडीत आणि घरात मावणारा. मात्र पाच-सहा किलोंचा कॅनडा हंस प्रवाहातून ओढून आणताना त्याच्या आकाराची मर्यादा जाणवते.

करड्या रंगाच्या वायमरानरची गोष्ट वेगळी. १९५०च्या दशकात अमेरिकेत त्याची मोठी लाट आली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडेही ‘हायडी’ नावाची वायमरानर होती. रूप आणि लोकप्रियता यांसाठी भरमसाट पैदास झाली की कामाचे गुण मागे पडतात, या धोक्याचे उदाहरण म्हणून या जातीकडे बोट दाखवले जाते. आजही उत्तम शिकारी वायमरानर मिळतात, पण त्यासाठी कामाच्या कसोटीवर उतरलेले वंश नेमके शोधावे लागतात.

केस आखूड की राठ, याने खरेच फरक पडतो?

पडतो, आणि तो सौंदर्याशी संबंधित नाही. ओल्या कुत्र्याच्या शरीरातली उष्णता झपाट्याने निघून जाते. वर राठ केस आणि खाली दाट लोकर असा दुहेरी थर असेल तर पाणी कातडीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि अंग झटकताच बरेचसे निघून जाते. आखूड केसांच्या कुत्र्यांना यासाठी निओप्रिनचे जाकीट घालतात. बसायला कोरडी, उंच फळी देतात. तरीही कुत्रा सतत कापू लागला, अडखळू लागला, हुकुमाला सुस्त प्रतिसाद देऊ लागला, तर त्या दिवसापुरती शिकार थांबवणे हाच उपाय असतो.

राठ केसांचीही किंमत मोजावी लागते. कुसळे, गोखरू, चिकटणारी बोंडे त्यांत अडकतात. गवताचे कुसळ बोटांच्या बेचक्यात, कानात किंवा नाकात शिरले तर आत सरकत जाते आणि गळू होते. कधी शस्त्रक्रिया करावी लागते. त्यामुळे दिवसअखेरीला कुत्र्याचे अंग बोटांनी चाचपणे हा सोपस्कार राहत नाही. उष्ण प्रदेशात तर सप्टेंबरच्या दुपारी जाड केसांचा कुत्रा लवकर थकतो. टेक्सासमध्ये लाव्यांमागे फिरणारा आणि मिनेसोटात नोव्हेंबरमध्ये बदकांसाठी बसणारा, या दोघांनी एकाच जातीचा आग्रह धरण्यात अर्थ नसतो.

कसोट्यांतून काय कळते?

पैदासकाराच्या शब्दापेक्षा भरवशाचा पुरावा म्हणजे पिल्लाच्या आईवडिलांनी दिलेल्या कसोट्या. उत्तर अमेरिकेत १९६९पासून ‘नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशन’ म्हणजे ‘नाव्हडा’ ही संस्था त्या घेते. इथे कुत्र्यांची एकमेकांशी स्पर्धा नसते. प्रत्येक कुत्रा ठरलेल्या मापदंडावर तपासला जातो. एकाच दिवशी सगळे उत्तीर्ण होऊ शकतात आणि सगळे अनुत्तीर्णही.

पहिली कसोटी उपजत गुणांची, वय १६ महिन्यांपर्यंत. एकूण गुण ११२. त्यांत सर्वाधिक २४ गुण नाकाला. शोधाची पद्धत आणि पाण्यात उतरण्याची तयारी यांना प्रत्येकी २०, पॉइंटला १६, कामाच्या इच्छेला १६, माग काढण्याला ८ आणि सहकार्यवृत्तीला ८. या वाटणीतच पूर्ण तत्त्वज्ञान आहे : शिकवून येत नाही ते आधी तपासा. हुकूम पाळणे पुढे शिकवता येते. नाक शिकवता येत नाही.

त्यापुढची ‘युटिलिटी’ कसोटी पूर्ण तयार झालेल्या कुत्र्यासाठी, २०४ गुणांची. तिच्यात बार झाल्यावर स्थिर राहणे, बदकांच्या आडोशात शांत बसणे, जमिनीवर ओढत नेलेल्या पक्ष्याचा माग काढून तो आणणे, असे टप्पे असतात. सर्वांत कस लागतो तो बदकाच्या शोधात. कुत्र्याच्या नजरेआड बदक पाणथळीत सोडलेले असते आणि मालकाच्या मदतीवाचून त्याने १० मिनिटे चिकाटीने शोधत राहायचे असते. बदक सापडलेच पाहिजे असे नाही. परीक्षक पाहतात ती जिद्द.

जर्मनीत १८९९मध्ये स्थापन झालेल्या शिकारी श्वानांच्या महासंघाची अशीच रचना आहे. तरुण कुत्र्यासाठी वसंतातली आणि नंतर शरदातली कसोटी, आणि प्रौढ कुत्र्यासाठी दोन दिवस चालणारी व्यापक परीक्षा. ड्राटहारसारख्या जातींत कामाच्या कसोट्या आणि अंगकाठीची तपासणी यांत न उतरलेल्या कुत्र्याला संघटनेच्या नियमांनुसार पैदाशीची परवानगीच मिळत नाही.

पिल्लू घेण्याआधी पैदासकाराला काय विचारावे?

पहिला प्रश्न, आईवडिलांचे गुणपत्रक दाखवाल का? केवळ ‘विजेत्यांच्या वंशातला’ या वाक्याला अर्थ नसतो. कारण शर्यतवजा स्पर्धेतला, प्रदर्शनातला आणि बहुगुणी कसोटीतला विजेता हे तीन वेगवेगळे प्राणी असू शकतात. दुसरा प्रश्न, याच जोडीची आधीची पिल्ले कशी निघाली? एका कुत्र्याला ११२ गुण मिळणे कौतुकाचे, पण सगळ्या भावंडांनी चांगले गुण मिळवणे अधिक खात्रीचे.

तिसरा प्रश्न आरोग्याचा. खुब्याच्या सांध्यातील आनुवंशिक दोष मोठ्या आकाराच्या कुत्र्यांत आढळतो. त्यासाठी क्ष-किरण तपासणीचे प्रमाणपत्र असते. कोपर, हृदय आणि डोळे यांच्या तपासण्याही जातीनुसार केल्या जातात. जर्मन शॉर्टहेअर्डमध्ये उजेडात दृष्टी जाण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. त्याची जनुकीय चाचणी उपलब्ध असते. विझलाच्या वंशात अपस्मार आहे का, हे विचारावे. वायमरानरसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळ बसण्याचा धोका असतो. ती काही तासांत जिवावर बेतणारी आपत्ती आहे.

चौथा प्रश्न बहुतेकांना सुचत नाही : पैदासकार खरीदाराला काय विचारतो? कुठे राहता, वर्षाला किती दिवस शिकारीला जाता, घरी लहान मुले आहेत का, आधी कुत्रा शिकवला आहे का, जमले नाही तर पिल्लू परत कराल का? असे प्रश्न विचारणारा माणूस पिल्लू विकण्याआधी त्याच्यासाठी घर शोधत असतो. काहीही न विचारता फक्त आगाऊ रक्कम मागणाऱ्यापासून लांब राहिलेले बरे.

हंगाम संपल्यावर काय?

अगदी उत्साही शिकारीही वर्षातून ३०-४० दिवसांहून जास्त रानात जाऊ शकत नाही. उरलेले सव्वातीनशे दिवस हा कुत्रा घरातला सदस्य असतो. या जाती दिवसभर धावण्यासाठी घडवलेल्या आहेत. दोरीला धरून सोसायटीभोवती पंधरा मिनिटे फिरवले की भागत नाही. रोज मोकळे धावणे, पोहणे आणि डोक्याला काम मिळाले नाही तर हीच ऊर्जा दारे कुरतडण्यात, कुंपणे ओलांडण्यात आणि अखंड भुंकण्यात जाते. अनेक बहुगुणी श्वान आश्रयगृहांत येतात त्यामागे वाईट स्वभावापेक्षा हे कारण जास्त असते.

प्रशिक्षणालाही वेळ लागतो. साधारण आठव्या आठवड्यात घरी आलेले पिल्लू पूर्ण तयार व्हायला दोन ते तीन हंगाम जातात. पहिल्या वर्षातली सर्वांत नाजूक बाब म्हणजे बंदुकीच्या आवाजाची ओळख. पिल्लू पक्ष्यामागे रंगलेले असताना, दुरून, हलक्या आवाजापासून ती करून देतात. पिल्लाला थेट गोळीबाराच्या मैदानावर नेऊन ‘सवय’ लावण्याचा अट्टहास केला तर ते कायमचे बिथरू शकते. मग उत्तम वंशावळही उपयोगी पडत नाही.

बहुगुणी श्वान कुणी घेऊ नये?

ज्याची शिकार जवळपास पूर्णपणे बर्फाळ पाण्यातल्या बदकांची आणि हंसांची आहे, त्याला लॅब्राडॉर किंवा चेसापीक बे रिट्रीव्हर जास्त मानवतो. त्यांच्या अंगावरचा तेलकट, दाट दुहेरी थर आणि आडोशात बसण्याचा संयम यांची बरोबरी पॉइंटिंग श्वान क्वचितच करतात. दक्षिणेत घोड्यावर बसून विस्तीर्ण माळांवर लावे शोधणाऱ्याला इंग्लिश पॉइंटर हवा. ‘बहुगुणी’ या शब्दात तडजोड गृहीत आहे. असा कुत्रा दोन्ही कामे चांगली करतो. पण एकाच कामासाठी घडवलेल्या कुत्र्याइतकी अव्वल बहुधा करत नाही.

म्हणून जाणते शिकारी जातीचे नाव शोधण्याआधी मागच्या दोन-तीन वर्षांची वही उघडतात. किती दिवस रानात गेले, किती पाण्यात, पाण्याचे तापमान काय असायचे, कोणते पक्षी होते, घरी कोण असते. दहा दिवस रानात आणि दोन दिवस पाण्यात जाणाऱ्याला आखूड केसांचा कुत्रा पुरतो. हिशेब निम्मा-निम्मा असेल आणि हिवाळा कडक असेल तर राठ केसांच्या जातींकडे कल जातो. स्वप्नातल्या शिकारीसाठी निवडलेला कुत्रा प्रत्यक्षातल्या घरात राहतो, हे विसरले की निवड फसते.

भारतात याचा संबंध कुठे येतो?

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. तित्तिर, लावे, रानबदके या सगळ्यांना संरक्षण आहे. या कायद्यातील ‘शिकार’ची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. पकडणे, पाठलाग करणे, हाकणे, सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणेही तिच्यात येते. म्हणजे माळावर ससा किंवा तित्तिरांमागे कुत्रा सोडणे हा ‘खेळ’ नसून गुन्हा ठरू शकतो.

मात्र या जाती इथेही पाळल्या जातात. पुण्या-मुंबईत चकचकीत अंगाचा शॉर्टहेअर्ड पॉइंटर किंवा करडा वायमरानर पाहून पिल्लू घेण्याचा मोह होतो, तेव्हा हाच हिशेब उलटा मांडावा लागतो. दोन खोल्यांचे घर, दिवसभर कामावर असणारे मालक आणि एप्रिलचा उन्हाळा यांत या कुत्र्याला रोजचे धावणे कुठून मिळणार? मिळणार असेल तर पहाटेचा व्यायाम, सुरक्षित ठिकाणी पोहणे आणि लपवलेली वस्तू वासावरून शोधण्याचे खेळ यांवर तो आनंदाने जगतो. नाकाला काम मिळाले की पक्ष्याची गरज राहत नाही.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवे. नान्नजचा माळ असो की भिगवणजवळचा उजनीचा काठ, जमिनीवर घरटी करणाऱ्या आणि हिवाळ्यात दुरून येऊन विसावणाऱ्या पक्ष्यांच्या जागी असा कुत्रा मोकळा सोडू नये. तिथे त्याचे नाक शेकडो पिढ्यांनी शिकवलेले कामच करणार, आणि पक्ष्याला तो थबकणारा आहे की झडप घालणारा, हे कळण्याचा मार्ग नसतो. घरट्यावरून उडालेली मादी परत येईपर्यंत अंडी उन्हात तापत राहतात. गळ्यातला पट्टा हातात असणे, हीच अशा कुत्र्याच्या मालकाची इथली पहिली कसोटी.